परदेशात एकदाच भारी जेवायचं, तर रेस्टॉरंट निवडायचं कसं?

घाटमाथा

मंडळी, सप्टेंबरच्या शेवटच्या पंधरवड्यात आम्ही दोघं पॅरिसला आणि तिथून पुढे स्पेनमध्ये सॅन सबॅस्टियनला जातोय. लग्नाला पंचवीस वर्षं होतायत. तेव्हा एकदा तरी पांढरे टेबलक्लॉथ, सात-आठ कोर्स, आपण काय खातोय ते शेजारी उभं राहून सांगणारा वेटर असं साग्रसंगीत जेवायचं ठरवलंय. बजेट दोघांचं मिळून पन्नास-साठ हजार. बाकीचे दिवस सँडविच आणि सुपरमार्केट जिंदाबाद.

वाचायला लागलो आणि डोक्याचा पार भुगा झाला. मिशेलिनची रेस्टॉरंटांना तारे देणारी गाइड एक सांगते, 'जगातली पन्नास सर्वोत्तम' वाली यादी दुसरंच सांगते, गूगलवर कोपऱ्यावरच्या पिझ्झावाल्यालाही ४.७ आहेत. व्हिडिओवाल्यांना तर पहिल्या घासालाच डोळे मिटायची सवय. त्यात अडचण अशी की बायको शाकाहारी आहे (केकमधलं अंडं चालतं, ताटातलं नाही). मी बीफ सोडून सगळं खातो.

विश्वास कोणावर ठेवायचा? आणि एका जेवणावर इतके पैसे घालावेत का? अनुभवी लोकांनी लिहा.

टवाळपंत

साठ हजारात आमच्याकडे बारशाची शंभर पानं उठतात, तीही जिलेबीच्या आग्रहासकट. हलकेच घ्या.

पॅरिसची_चिमणी

बरीच वर्षं इथे राहतेय आणि येणारा प्रत्येक पाहुणा हाच प्रश्न विचारतो, त्यामुळे टंकायचा आळस बाजूला ठेवून एकदाच लिहिते.

आधी मिशेलिन. टायरवाल्यांनी १९०० साली गाडीवाल्यांना फुकट वाटायला काढलेलं पुस्तक ते. लोकांनी हिंडावं, टायर झिजावेत, नवे घ्यावेत, असा सरळ हिशोब. तारे द्यायला लागले १९२६ मध्ये आणि एक-दोन-तीन अशी उतरंड आली १९३१ मध्ये. एक तारा म्हणजे वाटेत असेल तर थांबा, दोन म्हणजे वाट वाकडी करून जा, तीन म्हणजे त्याच्यासाठीच प्रवास करा. निरीक्षक निनावी येतात आणि बिल स्वतः भरतात. मुख्य म्हणजे तारे फक्त ताटात काय आलं त्यावर मिळतात. झुंबर, गालिचे, वेटरची अदब यांचा त्यात हिशोब नाही. त्यामुळे तीन तारे बघून राजवाड्याची अपेक्षा करून गेलेले पाहुणे 'एवढीशीच खोली?' म्हणत परत आलेले मी पाहिलेत.

'बिब गूरमाँ' ही वेगळी खूण आहे, १९९७ पासूनची. चांगलं जेवण आणि बेताचं बिल, असा तिचा अर्थ. बाकीच्या दिवसांसाठी ती यादी उघडून ठेवा.

आता कामाचं. दुपारी जेवा. तोच शेफ, तीच भट्टी, तेच सॉस, फक्त कोर्स थोडे कमी आणि बिल पुष्कळ कमी. एक तारा असलेल्या बऱ्याच ठिकाणी आठवड्याच्या दिवसांत दुपारचा ठरावीक मेन्यू साठ ते शंभर युरोत मिळतो. शनिवार-रविवार धरून बेत आखू नका, कित्येक मोठी रेस्टॉरंट्स नेमकी तेव्हाच बंद असतात. ऑगस्टमध्ये तर अर्धं पॅरिस कुलूपबंद असतं. तुम्ही सप्टेंबरात येताय ते बरंय.

पाणी नळाचं मागा. फुकट असतं आणि कोणी नाक मुरडत नाही. बिलात सेवेचे पैसे कायद्यानेच धरलेले असतात, वर टिप द्यायची सक्ती नाही. प्रत्येक कोर्सबरोबर वेगळी वाइन घेतलीत तर मात्र बिल दीडपट-दुप्पट होतं. एकेक ग्लास मागवा.

तुमच्या बायकोसाठी डोळे झाकून नाव सुचवते: लार्पेज. रोदँ संग्रहालयाच्या अगदी जवळ. तिथले शेफ आलँ पासार यांना १९९६ मध्ये तीन तारे मिळाले, २००१ मध्ये त्यांनी लाल मांस बंद करून सगळा भर भाज्यांवर दिला आणि २०२५ च्या जुलैत मासे, अंडी, दूध, लोणी सगळंच काढून टाकलं. प्राणिजन्य म्हणाल तर एक मध तेवढा उरलाय. भाज्या त्यांच्या स्वतःच्या बागांतून येतात. मिठाच्या कवचात अख्खं भाजलेलं बीट ही त्यांची जुनी खासियत. रात्रीचा मेन्यू माणशी चारशे युरोच्या वर आहे, दुपारचा अडीचशेच्या वर. बुक करताना ताजा भाव बघा. आणि शनिवार-रविवार बंद, हे वर लिहिलंच.

वरणभात

अडीचशे युरोत बीट?

टवाळपंत

@वरणभात, मिठाच्या कवचात हो. कवचाचे वेगळे लागत असतील.

वरणभात

थट्टा सोडा, मला खरंच कळत नाही. पॅरिसला मारे भागात रू दे रोझिएवर फलाफल मिळतं, शुद्ध शाकाहारी, तळलेल्या वांग्यासकट. हातात धरून रस्त्यात उभं राहून खायचं. ते खाऊन मी जेवढा खूश झालो तेवढा पांढऱ्या टेबलक्लॉथपुढे कधी होईन असं वाटत नाही. या महागड्या प्रकारात निम्मे पैसे जेवणाचे आणि निम्मे 'आम्ही तिथे जेवलो' हे सांगण्याचे असतात. माझं प्रामाणिक मत.

आकडेबहाद्दर

याद्या आणि गुणांबद्दल थोडं, कारण मूळ प्रश्न 'विश्वास कोणावर' असा आहे.

पन्नास सर्वोत्तमची यादी २००२ मध्ये एका ब्रिटिश मासिकाने सुरू केली. जगभरचे हजारभर शेफ, खाद्यलेखक आणि खवय्ये मतं देतात. म्हणजे ही निवडणूक आहे, तपासणी नाही. ज्याची हवा, ज्याच्याकडे प्रवासी मतदार जास्त पोचतात, ते वर. शिवाय २०१९ पासून एकदा पहिला आलेला पुन्हा यादीत येत नाही, वेगळ्या मानाच्या यादीत जातो. त्यामुळे डिसफ्रुतार (२०२४) किंवा जेरेनियम (२०२२) आत्ताच्या पन्नासात दिसले नाहीत तर ते घसरले असं समजू नका.

मिशेलिनही सोवळं नाही. थायलंडच्या पर्यटन खात्याने बँकॉकची गाइड निघावी म्हणून पाच वर्षांसाठी १४.४ कोटी बात मोजले होते, हे जाहीर आहे. तारे विकले असा त्याचा अर्थ होत नाही, पण गाइड कोणत्या देशात निघते आणि कोणत्या नाही, यामागे पैसा असतो. भारतात अजून एकही तारा नाही, त्याचं कारण आपल्याकडे चांगलं जेवण नाही हे खचितच नाही.

लोकांच्या रिव्ह्यूंचं म्हणाल, तर २०१७ मध्ये लंडनच्या डलिच भागात एका पत्रकाराने आपल्या बागेतल्या शेडचं रेस्टॉरंट असल्याचं खोटंच भासवलं. मित्रांकडून रिव्ह्यू लिहवून घेतले, पदार्थांच्या फोटोंत दाढीच्या फेसासारख्या घरगुती वस्तू वापरल्या. ट्रिपअॅडव्हायझरवर ते लंडनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं! एकही ताट वाढलेलं नसताना.

उलट जपानी लोक हात आखडून गुण देतात. तिथल्या 'ताबेलॉग' या रिव्ह्यूंच्या साइटवर ५ पैकी ३.५ म्हणजे उत्तम, ४ म्हणजे बुकिंग मिळायची मारामार. थोडक्यात, आकड्यापेक्षा आकडा देणारे कोण ते बघा. गूगलवर मी स्थानिक भाषेतले तीन तारेवाले रिव्ह्यू वाचतो. पाचवाले भारावलेले असतात, एकवाल्याला पार्किंग मिळालेलं नसतं. तीन देणारा काहीतरी सांगत असतो.

गोदाकाठ

'तीन देणारा काहीतरी सांगत असतो' याला अनुमोदन.

माझा अनुभव. इटलीतल्या एका शहरात, नाव लिहीत नाही, लेकीच्या पदवीनिमित्त असंच एक मोठं जेवण घेतलं. 'एवढ्याशा ताटल्यांनी पोट भरत नाही' ही चेष्टा सगळे करतात ना, झालं नेमकं उलट. सुरुवातीला गरम पाव आला, वरून कवच कडकडीत, आत जाळीदार, आणि एका गार दगडावर लोण्याचा गोळा, त्यावर मिठाचे खडे. भुकेले होतो, दोघांनी अख्खा पाव फस्त केला. वेटरने न विचारता दुसरा आणून ठेवला, तोही गेला. सहाव्या कोर्सला यांचा चेहरा पंगतीत शेवटच्या आग्रहाला होतो तसा. आठव्याला लेक म्हणाली, बाबा, निदान काटा तरी हलवा. जेवण साडेतीन तास चाललं आणि सगळ्यात चांगले पदार्थ शेवटी होते.

दुसरं म्हणजे वेळ. दिवसभर संग्रहालयं पालथी घालून रात्री साडेआठला अशा ठिकाणी बसू नका. पाय दुखत असताना कोणाचाच सॉस कळत नाही.

सुगीचे_दिवस

धाग्यात जपान आलंच आहे तर थोडं तिथलं. (अवांतर, पण पुढे वाचणाऱ्यांना उपयोगी पडेल.)

तोक्योत शाकाहाऱ्यांची खरी अडचण 'दाशी'ची, म्हणजे तिथल्या स्टॉकची आहे. वरवर नुसत्या भाज्या, टोफू, नूडल्स दिसतात, पण खालचं पाणी सुकवलेल्या बोनितो माशाचं. 'मासा नाही ना?' विचारलं तर 'नाही' असंच उत्तर येतं, कारण माशाचा तुकडा खरोखरच नसतो. त्यापेक्षा बौद्ध मठांतून आलेलं 'शोजिन र्योरी' शोधा. त्यात मुळातच मांस-मासे नसतात, दाशीसुद्धा कोंबू (समुद्रशेवाळ) आणि शिताके मशरूमची. तरी बुक करताना दाशीचं नाव घेऊन विचाराच, हल्ली सगळीकडे कडक पाळतात असं नाही.

छोट्या सुशी काउंटरवर आठ-दहा खुर्च्या असतात, बुकिंग बऱ्याचदा हॉटेलच्या माणसाकरवीच होतं. ओबामांना जिथे नेलं होतं ते जिरो यांचं सुशीचं दुकान २०१९ मध्ये मिशेलिनच्या गाइडमधून गेलं ते चव बिघडली म्हणून नव्हे. सामान्य माणसाला तिथे बुकिंगच मिळत नाही म्हणून. टिप देऊ नका. आणि अत्तर लावून जाऊ नका, शेजारच्याला माशाचा वास घ्यायचा असतो.

टवाळपंत

माशाचा वास यायला नको म्हणून आमच्या आळीत लोक अत्तर लावतात. जग कुठे चाललंय.

शेफ_पण_घरचा

मी दादरला हॉटेल मॅनेजमेंट केलं आणि युरोपात काही वर्षं अशाच एका किचनमध्ये राबलो. आता ठाण्यात स्वतःचं छोटंसं चालवतो. शाकाहाराबद्दल आतल्या बाजूने सांगतो.

मोठ्या रेस्टॉरंटचं सॉस म्हणजे मागे दोन दिवस उकळत ठेवलेली हाडं. भाजीच्या ताटात शेवटी चमचाभर चकचकीत तपकिरी काहीतरी ओततात ना, ते सहसा वासराच्या किंवा कोंबडीच्या हाडांचं असतं. मूस, पन्ना कोट्टा, फळांच्या जेली यांत जिलेटिन, तेही प्राण्यांचंच. पार्मिजानो चीज तर नियमानेच वासराच्या जठरातल्या रेनेटने (दूध फाडणाऱ्या अर्काने) बनवतात, त्यात शाकाहारी प्रकार नसतोच. त्यामुळे नुसतं 'आम्ही शाकाहारी' लिहिलंत तर युरोपियन शेफच्या मते चीज, जिलेटिन, कधीकधी मासेसुद्धा त्यात बसतात. मेलमध्ये एकेक नाव घेऊन लिहा: मांस नको, मासे नकोत, हाडांचा स्टॉक नको, जिलेटिन नको, अख्खं अंडं नको, केकमधलं चालेल, दूध-लोणी चालेल, चीज चालतं की नाही. आठवडाभर आधी पाठवा आणि दोन दिवस आधी पुन्हा आठवण करा.

आठवडा कशाला? मेल आधी आला तर सकाळच्या मीटिंगला शेफ विचारतो, 'सात नंबरच्या टेबलाला काय देतोय?' मग एक जण मशरूम आणि भाजलेल्या कांद्याचा वेगळा स्टॉक लावतो, पेस्ट्रीवाला जिलेटिनऐवजी अगार (समुद्रशेवाळाचं) घेऊन बसतो. खरं सांगू, आम्हाला मजा यायची, रोजच्यापेक्षा वेगळं करायला मिळायचं. तेच टेबलावर बसल्यावर सांगितलंत तर पासवर (ताटं बाहेर जातात त्या ओट्यावर) ओरडा होतो, कोणीतरी फ्रिज उघडतं आणि तुमच्या पुढ्यात रिझोटो येतो. पुढच्या कोर्सला भाजलेल्या भाज्या. मग पुन्हा भाज्या, पण उभ्या रचलेल्या.

निवडताना एक गोष्ट बघा. वेबसाइटवर शाकाहारी मेन्यू स्वतंत्र छापलाय का? छापलाय म्हणजे त्यांनी त्यावर डोकं चालवलंय. 'विनंतीवरून बदल करून मिळेल' असं असेल तर ते तुमच्या मेलवर आणि त्यांच्या मूडवर.

घाटमाथा

@शेफ_पण_घरचा, सोन्यासारखी माहिती. पार्मिजानोचं वाचून घरात शांतता पसरली आहे. आजवर खाल्लेल्या पास्त्यांचा हिशोब चाललाय.

@पॅरिसची_चिमणी ताई, लार्पेज बघितलं. पण जिकडेतिकडे त्यांच्या त्या मेपल सिरपवाल्या अंड्याचेच फोटो दिसतायत?

आकडेबहाद्दर

ते जुने फोटो. २०२५ पासून अंडं नाही. म्हणूनच दोन वर्षांपूर्वीचे ब्लॉग वाचून जाऊ नये. न्यूयॉर्कच्या इलेव्हन मॅडिसन पार्कने २०२१ मध्ये सगळं वनस्पतिजन्य केलं आणि २०२५ मध्ये मांस परत आणलं. मधल्या काळातले लेख वाचून गेलेला शाकाहारी तिथे बदकाच्या शेजारच्या टेबलावर बसेल.

वरणभात

माझा मुद्दा तसाच राहिला. एका जेवणाला पन्नास हजार हे मला पटत नाही, शेफ कितीही राबला तरी.

पॅरिसची_चिमणी

न पटू दे की. सवाईला तासन्‌तास भारतीय बैठकीवर मांडी घालून बसणारा माणूस मोबाइलवर तोच राग फुकट ऐकू शकतो, तरी जातोच ना? काहींना गाण्यात तसं वाटतं, काहींना जेवणात. ज्याला वाटत नाही त्याने फलाफल खावं, मीही खाते, छानच असतं ते.

वरणभात

सवाईला मंडपाबाहेर वडापाव मिळतो. तो मिळतो म्हणूनच मी मारव्यापर्यंत टिकतो.

टवाळपंत

हसून हसून पुरेवाट. वरणभात काकांना आजचा तारा.

इबेरियाचा_बंड्या

धाग्यात सगळे पॅरिसलाच अडकलेत, सॅन सबॅस्टियनचं कोणी बोलतच नाही! गडी, तू खरी खायची जागा शेवटी ठेवलीस.

पहिली सूचना: सप्टेंबरच्या उत्तरार्धात तिथे चित्रपट महोत्सव असतो. हॉटेलं महाग होतात आणि चांगल्या टेबलांवर नट-नट्या बसतात. तारखा आजच ताडून बघा, जमलं तर दोन दिवस इकडेतिकडे कर.

तीन तारेवाली तीन आहेत गावात आणि लगत. आर्साक हे बाप-लेकीचं घराण्यातलं, १९८९ पासून तीन तारे. समुद्रावर टेकडीवर अकेलारे. आणि लासार्तेत मार्तिन बेरासातेगी. यांच्या किमती तुझ्या बजेटच्या पलीकडे जातात, आणि बास्क स्वयंपाक मुळात मासे आणि मांसाचा. वहिनींचं जेवण तिथे नीट जमवायचं तर शेफभाऊंचा मेल पाठवून, देवाचं नाव घेऊनच. वरच्या डोंगरात आत्शोंदोला एचेबारी आहे, जिथे सगळं निखाऱ्यावर करतात, अगदी लोणी आणि आइसक्रीमलाही धुराचा वास. पण त्याचं बुकिंग महिने आधी संपतं.

माझं ऐक, तिथे टेबलक्लॉथ नको. जुन्या गावात, पार्ते व्हिएहात, संध्याकाळी सातला उतरायचं आणि एका बारमध्ये एक-दोन पिंचोस (बारमधले घासभर पदार्थ) खाऊन पुढे सरकायचं. एकाच जागी पोट भरणारा तिथे परका ओळखू येतो. हिल्दा मागव: काडीवर ऑलिव्ह, आंबट हिरवी मिरची आणि अँचोवी. त्याबरोबर चाकोली, हात उंच करून लांबून ओततात ती आंबूस पांढरी वाइन. वहिनींना भाजलेल्या मिरच्या, मशरूम, चीजचे प्रकार मिळतील, पण प्रत्येक ठिकाणी 'हॅम नको' सांगावं लागेल. हॅमला तिथे मीठ-मिरपुडीत धरतात. बार नेस्तोरमध्ये बटाट्याचं तोर्तिया दिवसातून दोनदाच बनतं, आधी जाऊन नाव लिहवून यायचं, मग तुकडा मिळतो. अंड्याचं आहे म्हणजे तुझ्या एकट्यासाठी. त्यांचा नुसता टोमॅटो मात्र दोघांनी खा. ऑलिव्ह तेल आणि जाड मीठ, बाकी काही नाही. शेवट ला विन्यामध्ये, जळक्या माथ्याचा चीजकेक. सगळ्या जगात आता नक्कल होते तो मूळ इथलाच.

पॅरिसहून येताना सीमेवरच्या अँदायपर्यंत टीजीव्ही (वेगवान ट्रेन), तिथून छोटी लोकल. विमानाच्या भानगडीत पडू नकोस.

बँकेतला_बापू

रुक्ष पण गरजेचं. बुकिंग करताना कार्डाचा नंबर मागतात आणि न गेल्यास किंवा आयत्या वेळी रद्द केल्यास माणशी दंड कापतात. काही ठिकाणी पूर्ण पैसे आधीच घेतात, नाटकाच्या तिकिटासारखे. रद्द करायची मुदत वाचा आणि ती तिथल्या वेळेनुसार असते हे लक्षात ठेवा. कार्डावर परदेशी व्यवहार अॅपमधून चालू करून ठेवा, नव्या कार्डांवर ते बंदच असतात. ओटीपी येतो त्या सिमचं रोमिंग चालू असू दे. बिलाच्या वेळी मशीन 'रुपयांत की युरोत' विचारतं, तेव्हा युरोच निवडा. रुपयांतला भाव त्यांच्या मनाचा असतो.

दुबईकर_मावशी

आमच्याकडे या की! त्रेसिंद स्टुडिओला २०२५ मध्ये तीन तारे मिळाले, भारतीय जेवणाच्या रेस्टॉरंटला जगात पहिल्यांदाच. शेफ हिमांशु सैनी. जेमतेम वीस खुर्च्या आहेत. शाकाहारी माणसाला तिथे 'तुम्हाला काय देऊ बरं' असं तोंड बघावं लागत नाही.

वरणभात

मावशी, परदेशात जाऊन भारतीयच खायचं?

दुबईकर_मावशी

खायचं. तुम्ही पॅरिसला जाऊन फलाफल खाल्लंत तसं.

आकडेबहाद्दर

पुढची पायरी म्हणून बँकॉकचं 'गा' धरा. गरिमा अरोरा या २०१८ मध्ये तारा मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्री, २०२३ च्या शेवटी दुसराही मिळाला. पण ते वेगळ्या प्रवासाचं.

घाटमाथा, ही भानगड आपल्याला झेपते का ते बघायला रंगीत तालीम करा. मुंबईत महालक्ष्मीच्या गिरणीतलं 'मास्क' अशाच ठरावीक कोर्सचं आहे, शाकाहारी मेन्यूसह. तिथे दोघं बसून बघा. तिसऱ्या कोर्सला घड्याळ बघायला लागलात तर पॅरिसचे पैसे वाचले.

टवाळपंत

फ्रेंच शेफ आणि ताऱ्यांवरून आठवलं. मार्क व्हेरा नावाच्या शेफचा तिसरा तारा २०१९ मध्ये गेला. त्यांचा दावा असा की निरीक्षकाला सूफ्लेमध्ये चेडर घातलंय असं वाटलं. चेडर! इंग्लिश चीज! ते होतं रब्लोशाँ आणि बोफोर, पिवळा रंग केशराचा. गडी थेट कोर्टात. कोर्टाने दावा फेटाळला. आमच्याकडे पुरणपोळीत गूळ कुठला यावरून अजून कोणी हायकोर्टात गेलेलं नाही, ते राहिलंय.

गोदाकाठ

सासूबाईंना हा धागा दाखवू नका, राहिलेलं पुरं करतील.

घाटाखालची

नमस्कार. मी या धाग्यातली 'शाकाहारी अडचण'. आयडी आत्ताच काढलाय.

सगळे प्रतिसाद वाचले. माझ्यासाठी काय मिळेल यावर एवढं डोकं चालवलंत, बरं वाटलं. पण मला कोणी विचारलंच नाही. मला साडेतीन तास खुर्चीत बसायचं नाही, माझी कंबर दोन तासांच्या वर ऐकत नाही. आणि लार्पेजला ह्यांना मासा मिळणार नाही, म्हणजे पुढचं वर्षभर 'तुझ्यासाठी मी पॅरिसमध्ये बीट खाल्लं' हे ऐकावं लागेल मला, तुम्हाला नाही.

पॅरिसची_चिमणी

वहिनी, स्वागत! हे आधीच यायला हवं होतं.

मग असं करा. एक तारा असलेलं आणि दुपारचा छोटा मेन्यू देणारं ठिकाण घ्या, चार-पाच कोर्स, दोन तासांत मोकळे. एकाच टेबलावर तुम्हाला भाज्यांचा मेन्यू आणि त्यांना माशाचा, असं देणारी पुष्कळ आहेत. सेप्तिमसारख्या ठिकाणी बुकिंग तीन आठवडे आधी सकाळी उघडतं आणि लगेच संपतं, तेव्हा गजर लावून बसा. फोनवरून किंवा मेलने 'दोन तासांत उठायचंय' असं आधीच सांगितलं तर ते वाढण्याचा वेग जमवून घेतात, त्यात कमीपणा नाही. वाचलेल्या पैशांत बुइयाँ शार्तिएला एक संध्याकाळ. १८९६ पासूनचं, स्वस्त, गोंगाटाचं. वेटर टेबलावरच्या कागदावरच बिलाची बेरीज मांडतो. शाकाहारी पदार्थ मोजके, पण ती खोली बघायला जा.

शेफ_पण_घरचा

कंबरेचं खरंच लिहा मेलमध्ये. पाठीला आधार असलेली भिंतीकडची जागा देतात. आम्ही असे निरोप बुकिंगच्या पानावर लाल पेनाने लिहायचो.

वरणभात

वहिनींशी शंभर टक्के सहमत. फलाफलला दहा मिनिटं लागतात. हे माझं शेवटचं पोस्ट.

घाटमाथा

गृहमंत्रालयाचा निर्णय: पॅरिसला एका ताऱ्याचं दुपारचं, मंगळवार किंवा बुधवार. सॅन सबॅस्टियनला बंड्याच्या वाटेने बारच बार. महोत्सवाच्या तारखा तपासल्या, आमच्या पहिल्या दोन दिवसांवर येतायत, म्हणून मुक्काम पुढे सरकवतोय. मेल लिहायला घेतलाय, जिलेटिन-रेनेटपर्यंत पोचलो. चीजचा मुद्दा अजून चर्चेत आहे. लार्पेजचा दुपारचा मेन्यू मी एकट्याने खाऊन यावा, असाही एक प्रस्ताव समोरून आला. बीट मला आवडत नाही.

मास्कची तालीम पुढच्या महिन्यात. जॅकेट लागतं का हो या सगळ्याला?

पॅरिसची_चिमणी

एक ताऱ्याला दुपारी जॅकेट नको. नीट शर्ट आणि बंद बूट पुरे. चालण्याचे पांढरे बूटही आता कोणी अडवत नाही.

जायकवाडी

सगळं वाचलं, खूप उपयोगी. आम्ही डिसेंबरात व्हिएन्नाला चाललोय, चौघं, त्यात एक जण जैन. काही सुचवाल का?

शेफ_पण_घरचा

व्हिएन्नात 'टियान' बघा, पूर्ण शाकाहारी आणि मिशेलिनचा तारा मिळवलेलं. पण शाकाहारी किचनचा अर्धा जीव कांदा-लसणात असतो, तेव्हा जैन असाल तर बुकिंगच्या आधीच विचारा, नंतर नको. कांदा, लसूण, लीक, चाइव्ह, बटाटा, गाजर, बीट, सेलरीचा कंद अशी नावानिशी यादी द्या. नुसतं 'जैन' लिहून तिथे कोणालाही काही कळणार नाही. आणि मशरूम चालतात का तेही ठरवून ठेवा, पहिला पर्याय ते तोच देतील.